वीस हजारांत फेज्ड अ‍ॅरे: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

मास्तर_कराडकर

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या एका तंत्रनिकेतनात ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शिकवतो. अँटेना विषयात फेज्ड अ‍ॅरेचं प्रकरण आलं की मी फळ्यावर बाण काढतो, मुलं वहीत बाण काढतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. यंदा विभागाने वीस हजार रुपये मंजूर केलेत. त्यात मोटर न लावता, नुसती रांगेतल्या छोट्या अँटेनांच्या सिग्नलांची फेज (लाट किती पुढेमागे आहे ते) बदलून, बीम (सिग्नलचा झोत) वळवून दाखवणारा खराखुरा अ‍ॅरे बनवायचा आहे.

डोक्यात होतं ते असं: १०.५ गिगाहर्ट्झ, आठ पॅच (बोर्डावरच काढलेले चौकोनी अँटेना). सिग्नल सोडायला ते एचबी१०० नावाचं डॉपलर मोड्यूल अगदी स्वस्तात मिळतं आणि आख्खा अ‍ॅरे हाताच्या पंजाएवढा होतो, म्हणून. पण फेज बदलणाऱ्या, म्हणजे फेज शिफ्टरच्या, चिपांची किंमत आणि रॉजर्सच्या लॅमिनेटचं (उच्च फ्रीक्वेन्सीसाठीचं महाग बोर्ड) कोटेशन बघितल्यावर हिशेब कोलमडला. नुसत्या आठ फेज शिफ्टरांतच सगळं बजेट संपतंय.

हाताशी आहे ते सांगतो: एक प्लूटो एसडीआर (संगणकावरून चालणारा रेडिओ), ३ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारा छोटा व्हीएनए (अँटेना आणि रेघांची फेज, लॉस मोजणारं यंत्र), ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचे भरपूर बोर्ड आणि उत्साही अशी पाच मुलं. एफआर-४ वर, म्हणजे नेहमीच्या स्वस्त सर्किट बोर्डावर, १० गिगाहर्ट्झ निभावेल का? की खाली २.४ वर यावं? आणि फेज शिफ्टरला काही देशी इलाज?

पंक्या_हडपसर

सर, कशाला डोक्याला ताप? अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचं फेजर नावाचं किट येतं. त्यात आठ एलिमेंट (रांगेतले सुटे अँटेना), एडीएआर१००० च्या दोन चिपा, वर रास्पबेरी पाय आणि तुमच्याकडे आहे तोच प्लूटो. ती चिप ८ ते १६ गिगाहर्ट्झ चालते, एका चिपेत चार चॅनेल, फेज २.८ अंशांच्या पायरीने बदलते. डब्यातून काढा, लावा, बीम फिरवा. किंमत मी इथे लिहीत नाही, ती थेट प्राचार्यांना दाखवा :)

तरंगिणी

सर, पंक्या म्हणतोय ते किट चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. शिवाय किट घेतलं तर मुलं पडद्यावरची रेघ हलताना बघतील आणि टाळ्या वाजवतील, एवढंच. तुमच्याकडे पाच मुलं आणि व्हीएनए आहे. तेच तुमचं भांडवल.

मी बरीच वर्षं भोसरीत अँटेनाच्या कामात होते, आता घरूनच जॉबवर्क घेते. त्या अनुभवावर एक गोष्ट ठामपणे सांगते: फ्रीक्वेन्सी ठरवायची ती अँटेना केवढा होईल हे बघून नाही, आपल्याकडे मोजायला काय आहे ते बघून. तुमचा व्हीएनए ३ गिगाहर्ट्झला थांबतो. म्हणजे १०.५ वर तुम्ही जे काही बनवाल ते आंधळेपणाने बनवाल. बीम वाकडा गेला तर दोष पॅचचा, रेषेचा, कनेक्टरचा की चिपेचा, हे कळायला मार्गच नाही. १०.५ ज्यात येतो त्या एक्स बँडाचा व्हीएनए लाखांत जातो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आता आकड्यांत बघा. १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ वर ५० ओहमची रेघ (सिग्नल नेणारी तांब्याची पट्टी) साधारण ३ मिमी रुंद येते. त्या रेघेत १०.५ गिगाहर्ट्झची लाट जेमतेम १६ मिमीची होते, म्हणजे एक मिलिमीटर लांबी इकडेतिकडे झाली की २३ अंश फेज गेली. २.४५ गिगाहर्ट्झला त्याच बोर्डावर लाट ६७ मिमीची, एक मिलिमीटरला ५.३ अंश. मुलं कनेक्टर सोल्डर करताना अर्धा मिलिमीटर तरी हलवणारच. खाली तो अडीच अंशांचा प्रश्न आहे, वर बारा अंशांचा. एसएमए कनेक्टर घट्ट करण्यातही तेच. एकाने पान्याने आवळला, दुसऱ्याने बोटाने, की वरच्या बँडात लगेच फरक दिसतो. (पितळी एसएमएला अर्ध्या न्यूटन-मीटरच्या जरा वर टॉर्क पुरतो. टॉर्कचा पाना नसला तर निदान पाचही मुलांचे कनेक्टर एकाच मुलाला आवळू द्या.)

लॉसचंही तसंच. एफआर-४ चा लॉस टँजंट (बोर्ड किती सिग्नल खातो त्याचं माप) ०.०२ च्या आसपास असतो. त्यावरून हिशेब केला तर १० गिगाहर्ट्झला फक्त डायइलेक्ट्रिकमध्येच, म्हणजे तांब्याखालच्या साहित्यातच, सेंटीमीटरला ०.३ डीबी जातात. आठ पॅचचं फीड दहा सेंटीमीटर धरलं तरी निम्मी पॉवर बोर्ड गरम करण्यात गेली. २.४५ ला हाच आकडा सेंटीमीटरला ०.०७. म्हणून रॉजर्स विसरा. एफआर-४ घ्या आणि खाली या.

मग काय काय सोडायचं ते ठरवा. स्वस्त अ‍ॅरे म्हणजे महाग अ‍ॅरेची स्वस्त नक्कल नाही. काय लागत नाही ते आधीच काढून टाकलेला अ‍ॅरे. ट्रान्समिट नको, फक्त रिसीव्ह. दोन अक्षांत नको, एकाच आडव्या रांगेत. आठ नकोत, चार एलिमेंट. सलग फेज नको, पायऱ्यांची चालेल. स्टारलिंकच्या डिशकडे बघून लोकांना वाटतं की हे सगळं आता स्वस्त झालंय. तिच्या पहिल्या पिढीत सुमारे १२८० एलिमेंट होते आणि ४९९ डॉलरना विकली जाणारी ती डिश सुरुवातीला बनवायलाच तीन हजार डॉलर पडत होती, हे त्या कंपनीच्याच अध्यक्षांनी २०२१ मध्ये सांगितलंय. तिथली काटकसर लाखोंच्या उत्पादनातून येते. तुम्हाला एक नग बनवायचाय, तुमची काटकसर वेगळ्या जागी आहे.

पॅच: २.४५ ला एफआर-४ वर साधारण ३७ मिमी रुंद, २९ मिमी लांब. दोन पॅचच्या मध्यांतलं अंतर अर्धी तरंगलांबी, ६१ मिमी. सगळे एकाच बोर्डावर काढायचा मोह होईल, तो टाळा. बोर्ड बनवणाऱ्यांचे स्वस्त दर १०० बाय १०० मिमीपर्यंत असतात, लांब पट्टी काढली की दर उडी मारतो. ६० मिमीची एक चौरस फरशी काढा, एकेका पॅचची. त्याच्या दहा प्रती मागवा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रांगेत बसवा. खराब झालेली फरशी बदलता येते हा वरचा फायदा.

फरश्या चार नाही, सहा लावा. दोन टोकांच्या दोन नुसत्या शोभेच्या. त्यांच्या फीडवर ४९.९ ओहमचा एक रेझिस्टर टाकून द्यायचा. कारण शेजाऱ्याचा परिणाम प्रत्येक पॅचवर होतो. मधल्याला दोन्हीकडे शेजारी, टोकाच्याला एकीकडेच, म्हणून टोकाचा वेगळा वागतो. शोभेच्या दोन लावल्या की कामाच्या चारही फरश्यांना दोन्ही बाजूंना शेजारी मिळतो. दोन फरश्यांच्या खर्चात एवढी डोकेदुखी वाचत असेल तर ती घ्यावीच.

सगळ्या फरश्या एकाच खेपेतल्या घ्या हे मात्र लिहून ठेवा. एफआर-४ हा दर्जा आगीबाबतचा आहे, त्यात डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं (ज्यावर बोर्डावरच्या लाटेची लांबी ठरते) वचन कुणी दिलेलं नाही. आमच्या एका कामात बोर्ड बनवणाऱ्याने दुसऱ्या खेपेला न सांगता लॅमिनेट बदललं. जर्बर फाइल (बोर्डाचं रेखाटन) तीच, पॅच मात्र पन्नासेक मेगाहर्ट्झ खाली सरकले. ४.४ चा स्थिरांक ४.६ झाला की एवढंच होतं. एफआर-४ वरच्या पॅचची बँडविड्थ मुळात दोनेक टक्के, म्हणजे ५० मेगाहर्ट्झ, त्यामुळे सगळी खेप कामातून गेली. विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, एफआर-फोरच आहे की."

प्रत्येक पॅचला लागूनच एक एलएनए (स्वतःचा नॉइज कमीत कमी घालून सिग्नल वाढवणारा वर्धक). एसपीएफ५१८९झेड चिपेचे तयार मोड्यूल लॅमिंग्टन रोडला नाहीतर ऑनलाइन सहज मिळतात. एलएनए फेज शिफ्टरच्या आधीच हवा. पुढे स्विच आणि रेघा मिळून दोन-तीन डीबी खाणार आहेत. अँटेना आणि एलएनएच्या मध्ये ते गेले तर सगळेच्या सगळे नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हरच्या नॉइजचं माप) मिळतात आणि मागून कितीही वाढवून ते परत येत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चार एलएनएंची फेज एकमेकांशी जुळणार नाही, त्याची काळजी करू नका, त्याकडे खाली येते.

फेज शिफ्टर: स्विच केलेली रेघ. दोन वाटा, एक आखूड, एक ९० अंशांनी लांब, दोन्ही टोकांना एसपीडीटी (दोनपैकी एक वाट निवडणारा) स्विच. त्याच्यापुढे तसाच १८० चा टप्पा. ९० अंश म्हणजे तुमच्या बोर्डावर १६.८ मिमी जादा लांबी, १८० म्हणजे ३३.७. चार एलिमेंट, प्रत्येकी दोन बिट (एका टप्प्याला एक), एकूण आठ बिट, म्हणजे ७४एचसी५९५ या एका शिफ्ट रजिस्टर चिपेचे आठ पाय बरोब्बर संपतात. ईएसपी३२ वरून तीन तारा, बस. स्विचला उलटसुलट दोन कंट्रोल लागत असतील तर मध्ये एक इन्व्हर्टर टाका. शेवटी तीन विल्किन्सनचं (दोन वाटा एकत्र करणारी रचना) झाड करून चारही वाटा एकत्र करायच्या आणि प्लूटोच्या एका रिसीव्हरला द्यायच्या. १०० ओहमचा रेझिस्टर, ७०.७ ओहमच्या पाव-लाट रेघा, पुस्तकात आहे तसंच.

आता खरं काम. हे सगळं जोडलं की बीम कुठेही जाणार नाही, कारण प्रत्येक वाटेची फेज मनाला येईल तशी असेल. इथेच बरेच जण हार मानतात आणि महाग पुर्जे शोधायला लागतात. त्याची गरज नाही. मानो आणि कातागी या जपानी अभियंत्यांनी १९८२ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे, तिला फक्त पॉवर मोजता आली तरी पुरतं. समोर तीनेक मीटरवर सिग्नल सोडणारं काहीतरी ठेवा. तीन एलिमेंट आहेत तसे राहू द्या. एकाच एलिमेंटची फेज ०, ९०, १८०, २७० अशी फिरवा आणि चार वेळा पॉवर टिपा, डीबीत नाही, मिलीवॅटमध्ये. पॉवर एका साइन वक्रावर वरखाली होते, आणि तो वक्र ठरवायला चार बिंदू पुरून उरतात. ९० च्या पॉवरमधून २७० ची वजा करा, ० च्या पॉवरमधून १८० ची वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागून आर्कटॅन घ्या, चिन्हांकडे लक्ष ठेवून. जो कोन येईल तेवढी फेज दिली की तो एलिमेंट बाकी तिघांच्या बेरजेशी जुळतो. मग दुसरा, तिसरा, चौथा. दोनदा फेरी मारली की आकडे स्थिरावतात.

चारच एलिमेंट का म्हटलं त्याचं कारण इथे कळेल. चौघं जुळलेले असताना एकाला उलटा फिरवला तर बेरीज ४ वरून २ वर येते, म्हणजे ६ डीबीचा फरक. तो कुठल्याही साध्या रिसीव्हरला दिसतो. आठ असतील तर ८ वरून ६, फक्त अडीच डीबी. तुमच्या गच्चीवरचे परावर्तनाचे चढउतारच तेवढे असतात.

आणि हो, या सगळ्याआधी प्रत्येक फेज शिफ्टरच्या चारही अवस्था व्हीएनएवर मोजून तक्ता करा. ९० ची रेघ कधीच नेमकी ९० येत नाही. ८४ आली तर बोर्ड फेकू नका, तक्त्यात ८४ लिहा.

सिग्नलवाला_नाशिक

ताईंचं सगळं पटलं, पण सोळा स्विच कशाला? बटलर मॅट्रिक्स करा ना. चार एलिमेंटला चार ९० अंशांचे हायब्रिड (सिग्नल दोन भागांत वाटून त्यांच्यात ९० अंशांचा फरक पाडणारे), दोन ४५ अंशांच्या रेघा, दोन क्रॉसओव्हर. एफआर-४ वर नुसतं तांबं, एकही चिप नाही. चार पोर्ट, प्रत्येक पोर्टला ठरलेला बीम: साधारण १४.५ अंश डावी-उजवीकडे आणि ४८.६ अंश डावी-उजवीकडे. एक चार-वाटी स्विच लावला की झालं. ही कल्पना १९६१ ची आहे, अजून तोड नाही.

मास्तर_कराडकर

तरंगिणीताई, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मुलांना वाचायला दिलंय.

एक शंका. दोन बिट म्हणजे फेजच्या चारच पायऱ्या, ९० अंशांच्या. मला बीम समजा १४.५ अंशांवर हवाय, तर शेजारच्या एलिमेंटांत ४५ अंशांचा फरक लागतो: ०, ४५, ९०, १३५. माझ्याकडे ४५ आणि १३५ नाहीतच! मग बीम वळणार कसा? सिग्नलवाला म्हणतात त्या बटलरमध्ये निदान हे कोन नेमके मिळतात.

तरंगिणी

सिग्नलवाला, बटलर मलाही आवडतो, आणि नुसतं प्रात्यक्षिक दाखवायचं असतं तर तोच सांगितला असता. पण त्यात हायब्रिडची फेज चुकली तर ती तांब्यात कोरलेली असते, सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. आणि मला सरांच्या मुलांनी नेमकं ते दुरुस्तीचं काम शिकावं असं वाटतं. दुसरं, बटलरच्या आधी एलएनए लावले तर त्या चौघांच्या फेज जुळवत बसावं लागतं, न लावले तर लॉस.

सर, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. मुद्दाम सगळ्यात वाईट उदाहरण निवडलंत, ४५ म्हणजे दोन पायऱ्यांच्या बरोब्बर मध्ये. करून बघू.

आधी सरासरी तोटा. पायऱ्यांमुळे गेन (बीमच्या दिशेने मिळणारी वाढ) किती जातो याचं गणित सोपं आहे: एका बिटला ३.९ डीबी, दोन बिटांना ०.९, तीन बिटांना ०.२, चार बिटांना नगण्य. म्हणजे एकावरून दोनावर जाणं फायद्याचं, तिथून पुढे मिळकत घटत जाते. पाच-सहा बिटांच्या चिपांचे पैसे गेनसाठी नसतात, साइडलोबसाठी (मुख्य बीमच्या बाजूला उठणारे नको असलेले बीम) असतात.

आता तुमचं उदाहरण. ०, ४५, ९०, १३५ ला जवळच्या खालच्या पायरीवर ढकललं तर ०, ०, ९०, ९० होतं. बीम १४.५ ऐवजी सुमारे ११.५ अंशांवर जातो. चार एलिमेंटचा बीम २६ अंश रुंद असतो, त्यात तीन अंश कोण विचारतो? पण उलट बाजूला ३५ अंशांच्या आसपास एक साइडलोब उठतो आणि तो मुख्य बीमच्या फक्त ५ डीबी खाली असतो. आदर्श चार एलिमेंटला तो ११ डीबीच्या जरा जास्तच खाली असायला हवा. इथे दुखतं.

म्हणून एक युक्ती. अ‍ॅरेला चौघांमधला फरकच दिसतो. सगळ्यांना सारखीच फेज वाढवली तर बीमला काही फरक पडत नाही. मग पायरीवर ढकलण्याआधी चारही आकड्यांत २२.५ मिळवा: २२.५, ६७.५, ११२.५, १५७.५. आता जवळची पायरी घ्या: ०, ९०, ९०, १८०. बीम या वेळी १७.५ अंशांवर जातो, म्हणजे तीन अंश दुसऱ्या बाजूला. मोठा साइडलोब तेवढाच, ५ डीबी खालचाच, पण तो उलट बाजूच्या ६८ अंशांवर जाऊन पडतो. तिथे पॅच स्वतःच मंदावलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष मोजताना तो बराच दबलेला दिसेल. एक पैसा खर्च न करता.

मुलांना हेच करायला लावा: प्रत्येक दिशेसाठी संदर्भ फेज ० पासून ९० पर्यंत थोडीथोडी सरकवत जायची, दर वेळी पायरीवर ढकलायचं, तक्त्यातल्या मोजलेल्या फेज घालून पॅटर्न काढायचा आणि सगळ्यात चांगला निवडायचा. चार एलिमेंटांच्या अवस्था एकूण २५६. संगणकाला ते एका क्षणाचं काम, सगळ्याच तपासल्या तरी चालतील. आणि इथे तुमची ९० ऐवजी ८४ आलेली रेघ उपयोगी पडते. चुका एकसारख्या नसल्या की साइडलोब एकाच जागी साचत नाहीत.

तिसरा बिट हवाच असेल तर ४५ चा टप्पा घाला, मग तुमचे १४.५ आणि ४८.६ दोन्ही नेमके मिळतील. मी असते तर पहिला बोर्ड दोन बिटांचाच केला असता.

जुना_सोल्डर

मी नारायणगावचा. आमच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे गर्दी होते, मुलांना घेऊन या. ४५ मीटरच्या तीस डिश, आणि त्या पत्र्याच्या नाहीत, ताणलेल्या दोऱ्यांवर बसवलेल्या जाळीच्या. वारा जाळीतून निघून जातो म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. सगळ्या डिशांचे सिग्नल फेज जुळवून एकत्र करायची सोयही तिथे आहे, पल्सार बघायला ती वापरतात. म्हणजे तुमचंच काम, फक्त एलिमेंट ४५ मीटरचा!

पण मास्तरांनी बघावी ती उटीची दुर्बीण. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि मंडळींनी १९७० मध्ये उभी केली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, परवलयाकार पन्हाळ. ती अशा टेकडीवर ठेवली की टेकडीचा उतारच तिथल्या अक्षांशाएवढा, ११ अंश. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष आपसूकच पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. पूर्व-पश्चिम वळवायला एकच यांत्रिक अक्ष, आणि उत्तर-दक्षिण वळवायला १०५६ डायपोल, त्यांची फेज बदलून. एक अक्ष टेकडीने फुकट दिला, एक मोटरीने, एक फेज शिफ्टरने. ताई म्हणतात ते "काय लागत नाही ते काढून टाकणं" याहून मोठं कुठे बघायला मिळणार?

आणखी एक. अर्ध्या तरंगलांबीचं अंतर ही काही दगडावरची रेघ नाही. उटीच्याही आधी, १९६५ मध्ये, याच मंडळींनी कल्याणला ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ छोट्या डिश रांगेने लावून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य बघितला. डिशांमधलं अंतर तरंगलांबीच्या कितीतरी पट. त्यामुळे एकाऐवजी अनेक बीम तयार होतात, पण दोन बीमांमधलं अंतर सूर्याच्या अर्ध्या अंशापेक्षा जास्त ठेवलं की एका वेळी एकाच बीमात सूर्य येतो. आकाशात तेवढा तेजस्वी दुसरा कुणी नाही, मग बाकीचे बीम राहिले तर राहिले.

तरंगिणी

काका, कल्याणचं उदाहरण फारच छान. सर, मुलांना हे करून दाखवता येईल: फरश्या मोकळ्या आहेत, तर पत्र्यावर १२२ मिमी अंतराने बसवायची भोकंही आधीच पाडून ठेवा. एका तरंगलांबीचं अंतर केलं आणि बीम थोडा वळवला की दुसऱ्या बाजूने जुळा बीम आत येताना दिसतो. पुस्तकातली ग्रेटिंग लोबची आकृती मुलं परत विसरणार नाहीत. वळवायचा कोन ४५ अंशांपर्यंतच ठेवणार असाल तर ७० मिमी अंतरही चालतं, कनेक्टरला जागा जास्त मिळते.

नियमपाळ

एक सावधगिरी. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ आपल्याकडे २००५ पासून परवानामुक्त आहे, पण अटी आहेत: १० मेगाहर्ट्झ किंवा जास्त रुंदीत पसरलेला सिग्नल, कमाल १ वॉट, आणि अँटेनाचा गेन धरून ४ वॉट. शिवाय उपकरण मान्यताप्राप्त प्रकारचं हवं. प्लूटोमधून एकच टोन हवेत सोडणं यात बसत नाही. पुढे कधी अ‍ॅरेतूनच ट्रान्समिट करायची हौस आली तर तो गेनही ४ वॉटच्या हिशेबात धरतात, हे विसरू नका. १० गिगाहर्ट्झला तर आधी डब्ल्यूपीसीचे (केंद्र सरकारचा फ्रीक्वेन्सीचे परवाने बघणारा विभाग) नियम वाचा, हौशी रेडिओचा परवाना असलेला कुणी सोबत घ्या.

मास्तर_कराडकर

ठरलं. २.४५, चार अधिक दोन फरश्या, दोन बिट. फरश्यांची ऑर्डर आज देतोय, एकाच खेपेत बारा. फेज शिफ्टरचा बोर्ड मुलं काढताहेत. ताई, नियमपाळांचं ऐकून सिग्नल सोडायला साधा वायफाय राउटर वापरतो, तो मान्यताप्राप्त असतोच. चालेल ना? आणि मोजायला वर्कशॉपची गच्ची आहे, तीन बाजूंनी कठडा, एका कोपऱ्यात सिंटेक्सची टाकी.

तरंगिणी

राउटर चालेल, पण जुना, एकाच दांडीचा घ्या. दोन-तीन दांड्यांचा राउटर स्वतःच सिग्नल कधी या दांडीतून कधी त्या दांडीतून सोडतो आणि तुम्हाला वाटतं अ‍ॅरे बिघडला. चॅनेल ६ वर कायमचा बांधून ठेवा, म्हणजे मध्य २.४३७ गिगाहर्ट्झ, पॅच त्यालाच जुळवा. वायफाय सलग बोलत नाही, तुटक बोलतो. म्हणून त्याच्यावरून एका लॅपटॉपला मोठी फाइल सतत पाठवत राहा, आणि लॅपटॉप राउटरच्या मागे, अ‍ॅरेपासून लांब ठेवा, कारण तोही उत्तरं देत असतो. प्लूटोवर सरासरी काढू नका, मधल्या शांततेची सरासरीत भेसळ होते. ठराविक वेळ नमुने घेऊन त्यातला वरचा पट्टा तेवढा मोजा. राउटरची दांडी उभी असेल तर पॅचचं ध्रुवीकरणही उभंच ठेवा, फरशी ९० अंशांनी फिरवून बसवली तर वीस डीबी कुठे गेले ते शोधत बसाल.

अंतराची चिंता नको. २४ सेंटीमीटरच्या अ‍ॅरेला दूरक्षेत्र (जिथून पुढे बीमचा आकार अंतरानुसार बदलत नाही) एका मीटरच्या आतच सुरू होतं, तीन मीटर भरपूर झाले. दोन्ही बाजू स्टुलावर नको, कठड्यापेक्षा उंच हव्यात, बांबूवर बांधा. टाकीत पाणी असतं आणि पाणी झकास परावर्तक आहे, तेव्हा टाकी अ‍ॅरेच्या पाठीमागे राहील अशी दिशा धरा. फिरवायला जेवणाच्या टेबलावरचं फिरतं ताट आणि खाली छापून चिकटवलेला कोनमापक पुरे.

एवढं झालं की पॅटर्नचा ग्राफ काढायची घाई करू नका. आधी चारही एलिमेंटांचे चार-चार पॉवरचे आकडे इथे टाका, फेज शिफ्टरच्या तक्त्यासकट. ० आणि १८० ची बेरीज जवळपास ९० आणि २७० च्या बेरजेएवढी यायला हवी. नसेल येत तर कुठलीतरी रेघ किंवा स्विच चुकतोय. कुठला, ते आकडे बघून सांगते.